उल्काचं जंगल

१२ एप्रिल २०२५, शनिवार. कनाटा, ओटावा

नव्या वहीचं पहिलं पान मी कोरं सोडतो. अमळनेरच्या शाळेत सुधाकर मास्तरांनी लावलेली सवय आहे ही. पहिलं पान सरस्वतीचं, आपण दुसऱ्यावर बसायचं. तर हे दुसरं पान.

आज बुकिंग पक्कं झालं. सप्टेंबरात उल्का आणि मी टांझानियाला जातोय. तिथे टांगानिका सरोवराच्या काठी महाले नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, त्यात रानटी चिंपांझी राहतात. तिथवर रस्ताच नाही. लहान विमानानं जायचं, मग होडीनं, मग पायी. जानेवारीत टीव्हीवर बघितलं आणि माझ्या डोक्यात ते घर करून बसलं. लग्नाला मे महिन्यात पन्नास वर्षं होतील, तेव्हा ही माझी उल्काला भेट. नंदनचं म्हणणं होतं, बाबा, तुम्ही क्रूझ घ्या. क्रूझवर माणसं जेवतात आणि झोपतात. ते मी कनाटात रोज करतो.

ब्रेकफास्टला उल्काला सांगितलं. तव्यावरचं थालीपीठ करपलं, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. घाबरली असावी बिचारी. म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना बरोबर.

१९ मे, सोमवार

व्हिक्टोरिया डेची सुट्टी. नात जाई सोळा वर्षांची झाल्यापासून आमची फिटनेस कोच झाली आहे. तिनं माझ्या फोनवर पावलं मोजणारं काहीतरी टाकलंय. आज गॅटिनोच्या टेकडीवर नेलं. मी मधे मधे थांबत होतो. तिला वाटलं धाप लागली. खरं म्हणजे मी नवी पालवी बघत होतो. इथला वसंत म्हणजे उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, आल्या आल्या घाईनं सगळं करून मोकळा होतो. असा विचार करायला माणसाला थांबावंच लागतं.

"आजोबा, दॅट्स युअर नाइन्थ ट्री," जाई म्हणाली. "आजी इज ऑलरेडी ॲट द टॉप."

उल्का हल्ली नेहमीच पुढे जाते. पुढे गेलं म्हणजे वळून माझ्यावर लक्ष ठेवता येतं, म्हणून असेल. वर पोचलो तेव्हा ती खडकावर बसून सफरचंद खात होती. माझा गुडघा बोलत होता. तिला म्हटलं, दमलीस ना? ती म्हणाली, हो.

८ जून, रविवार

पासपोर्ट शोधायला बेसमेंटमधली जुनी पत्र्याची ट्रंक उघडली. हिवाळी कपड्यांखाली उल्काच्या एम.एस्सी.च्या वह्या निघाल्या. प्राणिशास्त्र, नागपूर, १९७४. त्यात इंग्लंडच्या एका प्रोफेसरांचं पत्र होतं, निळ्या हवाई कागदाचं, घडीवर फाटलेलं. गंमतच आहे. हे मी पार विसरलो होतो. त्यांना माकडांच्या अभ्यासासाठी मदतनीस हवे होते. आधी वर्षभर इंग्लंडात राहायचं, मग आफ्रिकेत. उल्काला त्यांनी बोलावलं होतं. तेवढ्यात आमचं ठरलं आणि माझं कॅनडाचं इमिग्रेशन आलं. तेव्हा तिनं त्यांना कळवलं की इंग्लंडची थंडी मला सोसायची नाही. शहाणपणाचंच केलं, प्रकृती नाजूक होती तिची.

मग आम्ही नोव्हेंबरात ओटावाला उतरलो.

ती वर भेंडी चिरत होती. पत्र वाचून दाखवलं. "जुनं झालं ते," म्हणाली आणि हात पुसून पत्र माझ्याकडून घेतलं. संध्याकाळी ट्रंकेत ठेवायला गेलो तर कुठे दिसेना. वस्तू हरवण्याचं वय आहे दोघांचंही.

११ जुलै, शुक्रवार

ड्रायर बिघडलाय. मंगळवारी आणि गुरुवारी मी लायब्ररीत कविता वाचणाऱ्या मंडळींकडे जातो. काल तिथे कुणीच आलं नाही, म्हणून तीनलाच घरी परतलो. दार उघडतो तर बेसमेंटमधून आवाज. हूऽ, हूऽ, हूऽ. आधी खालच्या पट्टीत, मग चढत चढत, मग एकदम बंद. खाली गेलो तर उल्का ड्रायरपाशी उभी, तोंड लाल. म्हणाली, हो, आवाज करतोय खरा.

आज रिपेअरवाला येऊन गेला. चांगला मनुष्य. तासभर उघडून बघितलं, पट्टा ठीक, मोटर ठीक. म्हणाला, सर, मला दोष सापडत नाही, परत आवाज आला की वार आणि वेळ लिहून ठेवा आणि मला कळवा. उल्का त्याला चहा देताना खोकल्यासारखं करून स्वयंपाकघरात गेली. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय: ड्रायर, गुरुवार, दुपारी ३.

६ ऑगस्ट, बुधवार

ट्रॅव्हल क्लिनिक. मला दोन इंजेक्शनं, उल्काला दोन. तिनं डॉक्टरला इतके प्रश्न विचारले की तो आपली खुर्ची सरकवून तिच्या वहीत बघायला लागला. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचपट्ट्या तपासल्यात, सवय जात नाही.

गाडीत मला समजावून सांगितलं. चिंपांझींना आपली सर्दी लागते. आपल्याला जो नुसता खोकला, त्यात त्यांचं पिल्लू मरू शकतं. म्हणून तिथे मास्क लावायचा, लांब उभं राहायचं, सहाच माणसं आणि एकच तास. आणि ज्याला खोकला आहे त्याला रानात सोडतच नाहीत. हे सगळं तिला कुठून कळलं विचारलं तर म्हणाली, यूट्यूब.

३० ऑगस्ट, शनिवार

बॅगा भरल्या. उल्काची एक आणि माझ्या दोन. माझ्या दुसरीत चकल्या, आणि आईच्या प्रमाणानं केलेला काढ्याचा मसाला आहे: सुंठ, ओवा, लवंग, सुकलेला गवती चहा. सत्तेचाळीस हिवाळे या काढ्यावर काढलेत, बाकीच्यांत तो संपला होता.

महालेच्या रानात म्हणायला कविताही केली आहे. दोन ओळी झाल्यात:

सरोवराच्या काठी आलो, पानांच्या या दाटीत,
भेट घ्याया, बंधूंनो, मी गुडघे बांधून गाठीत.

'गाठीत' जमून आलंय. जाईला म्हणून दाखवली. ती म्हणाली, आजोबा, दे आर चिंप्स, दे वोन्ट क्लॅप. उल्का हसली. हल्ली बरीच हसते. जाईनं मला एकटं गाठून विचारलं, आजी किती एक्सायटेड आहे माहितीय ना तुम्हाला? म्हटलं, माझ्या आनंदात तिचा आनंद असतो. जाईनं माझा गाल ओढला.

५ सप्टेंबर, शुक्रवार. महाले

पोचलो. हे लिहिताना समोर टांगानिका आहे. पाणी इतकं स्वच्छ की होडीची सावली तळाच्या वाळूवर होडीच्या बरोबर चालते. मागे डोंगर, एकदम किनाऱ्यावरून उठलेला, डोक्यापर्यंत झाडी. शाळेत भूगोलाच्या तासाला आफ्रिकेचा नकाशा काढायचो, त्यात हे सरोवर म्हणजे निळ्या पेन्सिलीची एक उभी रेघ. त्या रेघेच्या काठावर मी पाय बुडवून बसलो आहे. सुधाकर मास्तरांना पत्र टाकावंसं वाटलं. पंचवीस वर्षं झाली त्यांना जाऊन.

आमच्या वाटाड्याचं नाव हमिसी, पन्नाशीचा. सरकारी रेंजर आहे आणि प्रत्येक चिंपांझीला नावानं ओळखतो. मला बाबू म्हणतो, त्यांच्याकडे आजोबाला बाबू म्हणतात. उल्काला बिबी, म्हणजे आजी. मी त्याला सांगितलं, आमच्या हिंदीत बीबी म्हणजे बायको, तेव्हा जपून. तो गुडघ्यावर हात मारून हसला.

विमानातल्या गारव्यानं घसा जरा धरलाय. विशेष काही नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

चार तास चाललो, चिंपांझी दिसले नाहीत. कळप वरच्या डोंगरात गेलाय. हमिसी म्हणतो, उद्या खाली येतील, खालची फळं पिकलीत. उद्या आमची शेवटची सकाळ. परवा विमान.

पण दिवस वाया गेला असं कसं म्हणू? वेलींतून ऊन गळत होतं. उल्का तर वेगळीच वागत होती. एका जागी मटकन खाली बसली. मी धावलो, वाटलं चक्कर आली. तर ती पाल्यावर पडलेला एक चोथा बघत होती, हात न लावता. "फळ चघळून टाकलंय. सकाळचं आहे, अजून ओलं आहे," ती हमिसीला म्हणाली. हमिसीनं टोपी काढली आणि विचारलं, बिबी, तुम्ही आधी कुठे काम केलंत? ती म्हणाली, कुठेच नाही.

पुढचे दोन तास ते दोघं पुढे आणि मी मागे.

संध्याकाळी घसा चांगलाच खवखवायला लागला. दोनदा खोकलो, पण किनाऱ्यावर जाऊन, लाटांच्या आवाजात. मग स्वयंपाक्याकडून गरम पाणी घेऊन काढा केला आणि थर्मासमध्ये भरला. त्यानं विचारलं, तर इंडियन टी सांगितलं. थोडं खोटं, थोडं खरं. एवढ्या लांब येऊन एका खोकल्यासाठी मागे राहायचं? मी मास्क लावणारच आहे. शिवाय काढ्यानं सकाळपर्यंत उतरेल.

उल्कानं तंबूतली आपली खाट पार टोकाच्या खिडकीशी ओढली आणि मास्क लावूनच झोपली. धूळ आहे म्हणाली. मला काही धूळ दिसली नाही.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळ

हे सावकाश लिहायचं आहे. वेळही आहे.

सहाला उठलो. खोकला उतरला नव्हता. उशीत तोंड खुपसून खोकलो. उल्का आधीच तयार होती, खाटेवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला, कुठला ते आठवेना. मी तिच्याकडे पाठ करून थर्मास उघडला आणि दोन घोट घेतले.

वळलो तर ती नाड्या सोडत होती.

"माझा गुडघा दुखतोय," ती म्हणाली. "मला नाही जमायचं आज. तुम्ही थांबाल ना माझ्याजवळ?"

मला राग आला, लिहून टाकतो. बारा हजार किलोमीटर आलो आणि आज गुडघा? पण बायको आजारी असताना सोडून जाणारा मी नाही. म्हटलं, थांबतो, हमिसीला सांगून येतो. बाहेर पडलो. आमच्या तंबूपासून रेंजरची मंडळी जमतात त्या झाडापर्यंत चाळीस-पन्नास पावलं असतील. जाईच्या यंत्रात बघायला हवं.

दहाव्या पावलाला आठवलं, उल्काचा गुडघा कधी दुखत नाही. दुखतो तो माझा.

मग खोटं का बोलली? थांबलो. झाडं बघायला नाही, खरंच थांबलो. हा सूर मी आधी ऐकला होता. अगदी असाच, सरळ, तक्रार नसलेला, पाऊस पडतोय म्हणावं तसा. "इंग्लंडची थंडी मला सोसायची नाही." पंचाहत्तर साली, नागपूरला, त्यांच्या ओसरीत. मी मान डोलावली होती. आणि मग तिला ओटावाला आणलं. उणे तीस. पन्नास वर्षांत एकदाही तिला थंडी बाधलेली मी पाहिली नाही. दारातलं बर्फही तीच शोव्हल करते.

मघाचा चेहराही तेव्हा आठवला. लग्नाआधी दाखवलेल्या फोटोतला. एम.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशीचा.

खोकल्याच्या माणसाला ती रानात जाऊ देणार नव्हती, पिल्लांसाठी. आणि चारचौघांत माझं नावही सांगणार नव्हती, माझ्यासाठी. दोन्ही साधायचं तर तिनंच मागे राहायचं आणि मला जवळ थांबवायचं. एवढं सोपं गणित सोडवायला मला जून ते सप्टेंबर लागले. जून कसला, पन्नास वर्षं.

हमिसीपाशी गेलो आणि सांगितलं, खोकला मला आहे, कालपासून. लपवला, चूक झाली. माझ्या बायकोला काही झालेलं नाही आणि तिचा गुडघाही ठणठणीत आहे. तिला घेऊन जा. बरोबरचं जर्मन जोडपं माझ्यापासून दोन पावलं मागे सरकलं. शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटलं. पण बाकावरून लांबचं दिसतं, हेही खरं.

हमिसी तंबूशी आला. उल्काचा ताप बघितला, घसा बघितला, चार प्रश्न विचारले, दोन मास्क दिले आणि सगळ्यांच्या मागे चालायला सांगितलं.

"अहो, पण तुमचीच इच्छा होती ना," ती म्हणाली.

"माझी दोन ओळींची होती," मी म्हणालो. "जा. नाड्या बांध."

तिनं बांधल्या. निघताना वळून म्हणाली, "थर्मासचं झाकण उघडलंत की दहा फुटांवर ओवा येतो. मला काय नाक नाही?"

ती झाडीत शिरली. वळून बघितलं नाही. एरवी माझ्यावर लक्ष ठेवायला वळते असं मला वाटायचं.

तोच दिवस. दुपार

किनाऱ्यावर खुर्ची टाकून काढा पीत बसलो होतो. दहाच्या सुमारास डोंगरातून आवाज आला. आधी एकच, खालच्या पट्टीत. हूऽ, हूऽ. मग दुसरा मिसळला. मग तिसरा. चढत चढत गेला, सगळं रान एकदम ओरडलं आणि शेवटी झाडाच्या बुंध्यावर धपाधप हात पडल्यासारखे ठोके. अंगावर काटा आला. हे मला येतं! सुधाकर मास्तर कविता अशीच म्हणून घ्यायचे. "खालच्या सुरात सुरू करा रे, चढवत न्या, कुणी मागे राहू नका." आणि शेवटच्या ओळीला आम्ही पोरं बाकांवर हात आपटायचो. मास्तर रागावल्यासारखं करायचे.

आणखीही काहीतरी आठवू बघत होतं, ओळखीचं, घरातलं. पण निसटलं.

उल्का एकला आली. चिखलानं माखलेली, केसांत पान. माझ्यापासून चार हात लांब, ओल्या वाळूवरच बसली. मी विचारलं नाही. तीच आपणहून बोलायला लागली.

बावीस होते. एक पिल्लू आईच्या पाठीवरून तिच्याकडे बघत होतं, आणि मास्कमुळे तिचेही फक्त डोळेच दिसत होते, तेव्हा दोघींनी डोळ्यांनीच काय ते केलं. एकाचे कान हुबेहूब माझ्यासारखे होते. आणि एक म्हातारी होती, दात झिजलेली, चढावर मागे पडत होती. ते जे मोठे नर पुढे निघाले होते, ते चढाच्या वर जाऊन बसले. कुणी हाक मारली नाही, काही नाही. ती येईपर्यंत नुसते बसून राहिले.

"आली ती?" मी विचारलं.

"आली," उल्का म्हणाली. "सावकाश आली. पण आली हो."

मग तिनं शर्टाच्या आतल्या खिशातून निळा कागद काढला. घडीवर फाटलेला. म्हणजे तो हरवला नव्हता. तो तिनं रानात नेऊन आणला होता. मला वाचायला दिला नाही, नुसता उन्हात धरला, घामानं ओला झाला होता म्हणून.

मी चकल्यांचा डबा वाळूवर सरकवला. तिनं चार खाल्ल्या.

४ ऑक्टोबर, शनिवार. कनाटा

इथल्या मराठी मंडळाची कोजागिरी. खरी सोमवारी आहे, पण इथे चंद्रानं वीकएंडला यायचं असतं. कार्यक्रम चार वाजता, कारण उद्या सकाळी पोरांचं हॉकी. बारा पिशव्या दूध आटवलं. सेक्रेटरी रविकांतनं माइकवर जाहीर केलं, विश्वनाथरावांचं आफ्रिकेवर काव्यवाचन आणि मधे मधे वहिनींचे फोटो. मी माइक घेतला, म्हटलं, दुरुस्ती आहे. कविता रद्द. वहिनी बोलतील, फोटो मी सरकवीन.

उल्का चाळीस मिनिटं बोलली. कागद नाही, काही नाही. हमिसीचं पत्र आलंय तेही सांगितलं. पुढच्या वर्षी चोथे आणि पाऊलखुणा नोंदवायला बिबी महिनाभर येतील का, असं त्यांच्या कॅम्पनं विचारलंय. सभागृहात चुळबुळ नाही. मसाला दुधाच्या कपांवर साय धरली.

शेवटी एका छोट्या मुलीनं हात वर केला. "हाउ डू दे टॉक?"

उल्कानं माइक खाली ठेवला. माझ्याकडे एकदा बघितलं, जरा लाजली, आणि डोळे मिटले.

हूऽ, हूऽ, हूऽ. खालच्या पट्टीत. मग चढत चढत.

माझ्या हातातला रिमोट तसाच राहिला. गुरुवार, दुपारी तीन.

मुलीनं साथ दिली. मग जाईनं. मग सगळ्या पोरांनी, मग त्यांच्या आयांनी. रविकांत खुर्चीवरून उठला. मीही सूर लावला, थोडा खोकलो, कुणी हाकललं नाही. शेवटाला ऐंशी माणसांनी टेबलांवर हात आपटले, दूध सांडलं, आणि मागून कुणीही रागावल्यासारखं केलं नाही.

सोमवारी रिपेअरवाल्याला फोन करायचा आहे. दोष सापडला म्हणून सांगतो. दुरुस्त करायचा नाही.